विजेआधी पोटॅशचा हिशोब मांडा

मा. संपादक,
स. न.

सूर्यप्रकाश आणि वीज वापरून ‘चिपाडापासून प्लास्टिक’ करण्याविषयी लिहिले जाते, तेव्हा दोन वेगळी रसायने सर्रास एक मानली जातात. चिपाडातल्या पेंटोसनपासून (पाच कार्बनी साखरांच्या साखळीपासून) मिळते ते फर्फ्युरल. पीईएफ (पॉलिइथिलीन फ्युरानोएट) प्लास्टिकला लागणारे एफडीसीए (फ्युरानडायकार्बॉक्सिलिक ॲसिड) बनते एचएमएफपासून (हायड्रॉक्सिमिथाइलफर्फ्युरलपासून) आणि एचएमएफ निघते फ्रुक्टोजसारख्या सहा कार्बनी साखरेतून. चिपाडातल्या सेल्युलोजपासून एचएमएफपर्यंत पोहोचायचे तर आधी ग्लुकोज, मग फ्रुक्टोज असा वळसा पडतो.

विजेने एचएमएफचे एफडीसीए करायला वीज फारशी लागत नाही. एचएमएफच्या रेणूतून 6 इलेक्ट्रॉन काढले की एफडीसीए होते. एक किलोला सुमारे 1,030 अँपिअर-तास. सेलचा दाब 2 व्होल्ट धरला तर जेमतेम दोन युनिट. शिवाय कॅथोडवर (ऋण इलेक्ट्रोडवर) 39 ग्रॅमपर्यंत हायड्रोजन मिळतो.

घोडे अडते ते द्रावणात. प्रयोगशाळेत हे काम बहुधा निकेल फोमच्या (सच्छिद्र निकेलच्या) इलेक्ट्रोडवर, 1 मोलर (लिटरला 1 मोल, म्हणजे 56 ग्रॅम) कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) चालते आणि एचएमएफ लिटरला 5 ते 10 मिलिमोलच असते. 10 धरले तरी किलोभर मालाला 640 लिटर द्रावण, त्यात 36 किलो पोटॅश. एफडीसीए खाली बसवायला सामू (पीएच) 2 च्या खाली न्यावा लागतो; त्यात 31 किलोंवर सल्फ्युरिक ॲसिड जाते आणि 56 किलो पोटॅशियम सल्फेट गळ्यात पडते.

मग एचएमएफ वाढवत का नाहीत? कारण पोटॅशसारख्या तीव्र क्षारात (अल्कलीत) ते टिकत नाही. फिकट पिवळे द्रावण बघता बघता कोऱ्या चहासारखे होते आणि तो तपकिरी चिकट साका इलेक्ट्रोडवर बसतो. उपाय साधा आहे: सगळे एकदम न ओतता एचएमएफ थेंबाथेंबाने, विद्युतप्रवाहाच्या वेगाने सोडायचे. एफडीसीएचे पोटॅशियम लवण विरघळलेलेच राहते, त्यामुळे त्याच पोटॅशमध्ये माल साठत जातो. प्रयोगशाळेतल्या छोट्या सेलमध्ये 50 मिलिअँपिअरवर अर्धा मिलिमोल एचएमएफ संपायला साधारण 97 मिनिटे लागतात. त्याआधीच प्रवाह कोसळला तर एचएमएफ साक्यात गेले असे समजावे. ॲनोडवर (धन इलेक्ट्रोडवर) बुडबुडे दिसले तर व्होल्टेज जास्त झाले, वीज ऑक्सिजन काढण्यात वाया जाते आहे. आणि दोन इलेक्ट्रोडमधला पडदा वगळू नये, नाहीतर एचएमएफ कॅथोडवर जाऊन उलट क्षपण पावते (इलेक्ट्रॉन गमावण्याऐवजी घेते).

प्रकाशाचे म्हणाल, तर 2015 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात बिस्मथ व्हॅनाडेटच्या प्रकाश-ॲनोडवर (प्रकाश शोषून काम करणाऱ्या ॲनोडवर), टेम्पो नावाच्या मध्यस्थाच्या मदतीने, सामू 9.2 ला हे करून दाखवले गेले. काम सुंदरच आहे. पण बिस्मथ व्हॅनाडेट तीव्र क्षारात झिजते, तांबडा प्रकाश शोषत नाही, आणि टेम्पो मालातून वेगळा काढावा लागतो. छपरावर साधे सौर पॅनेल आणि खाली स्वतंत्र सेल, हीच मांडणी आज आम्हाला व्यवहार्य वाटते.

आपल्याला विनंती की अशा संशोधनाची बातमी देताना तीन आकडे जरूर विचारावेत: सुरुवातीला एचएमएफ किती होते, वाळवून तोललेले एफडीसीए किती ग्रॅम भरले, आणि त्यासाठी पोटॅश किती लागले.

– विद्युतरसायनशास्त्राचे दोन अभ्यासक, पुणे