चिन्हांची शिस्त लावणाऱ्या आमच्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

सर्किटमधल्या पॉवरचं चिन्ह ठरवण्याची जी शिस्त तुम्ही लावलीत, तिच्याबद्दल हे जाहीर आभार. धन चार्ज प्लस टोकातून आत शिरून मायनसने बाहेर पडला, की दर कूलंबमागे व्होल्टेजइतके ज्यूल त्या घटकाला देऊन जातो. म्हणून करंटचा बाण प्लसमध्ये शिरत असेल तर व्होल्टेज गुणिले करंट ही घटकाने घेतलेली पॉवर. उत्तर उणे आलं तर घटक पॉवर देतोय. एवढं समजलं की पाठांतर लागत नाही.

तुमचं ते उदाहरण आम्ही आजही नवीन मुलांना देतो. 12 व्होल्टचा सप्लाय 4 ओहमच्या रोधातून 6 व्होल्टची बॅटरी चार्ज करतोय. करंट 1.5 अँपिअर. रोध 9 वॅट घेतो, बॅटरी 9 घेते, सप्लायचे उणे 18; बेरीज शून्य. बॅटरी म्हणजे सोर्सच, असं धरून तिला उणे चिन्ह दिलं की हिशोब थेट 18 वॅटने फसतो. बेरीज करून बघितल्याशिवाय वही तपासायला घ्यायची नाही, हा तुमचा दंडक फार मोलाचा.

आणि बाण एकदा काढला की मध्येच फिरवायचा नाही. तो प्लसमधून बाहेर पडत असेल तर ओहमच्या नियमातही उणे चिन्ह येतं, कॉइल आणि कपॅसिटरच्या समीकरणांतही. नेमकं हेच विसरलं जातं.

दोन वॉटमीटरच्या प्रयोगात, म्हणजे तीन फेजच्या मोटरची पॉवर दोन मीटरच्या रीडिंगची बेरीज करून काढताना, तर याची खरी कसोटी लागते. बिनलोड मोटरचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खरी पॉवर किती, ते गुणोत्तर) 0.5 च्या खाली असतो, त्यामुळे एका मीटरचा काटा उलटा जातो. सप्लाय बंद करून करंट कॉइलची एम आणि एल टोकं अदलाबदल करायची आणि ते रीडिंग उणे लिहायचं. 520 आणि 200 दिसले तर मोटर 320 वॅट घेतेय, 720 नव्हे. पण काटा चुकीच्या जोडणीनेही उलटतो. म्हणून आधी तिन्ही फेजवर सारखे दिवे लावून दोन्ही मीटर सुलट आणि सारखेच दाखवतात ना, हे बघायला तुम्ही शिकवलंत.

सोलरच्या कामात आज तेच उपयोगी पडतं. तिन्ही फेजवर सारखा लोड असताना एक सीटी (करंट मोजण्यासाठी तारेवर बसवलेला करंट ट्रान्सफॉर्मर) उलटी बसली, की एकूण पॉवर तिसऱ्या हिश्शावर येते. रात्री पॅनल बंद असताना घरातला लोड चालू करून एकेक फेज बघायची: जिथे एक्सपोर्ट (घरातून ग्रिडकडे जाणारी पॉवर) दिसेल, ती सीटी फिरवायची.

आपले कृतज्ञ,
इलेक्ट्रिकलचे माजी विद्यार्थी