कारंज्यात हंस मावत नाही, साहेब

मा. पशुसंवर्धनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी मुलुंडच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी. गळती, पार्किंग आणि टँकर यापलीकडे माझा अभ्यास नाही. पण गेल्या पावसाळ्यात फोन आला, "काका, एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून हंसाची जोडी सोडवलीये. तुमच्याकडे कारंजं आहे ना? दत्तक घ्या." कमिटीत १२ पैकी ९ हात वर. सरस्वतीचं वाहन दारात येणार म्हणून एका काकूंनी पेढेसुद्धा सांगून ठेवले.

मी आधी बघायला गेलो. गोदामाच्या फरशीवर दोघं बसले होते. नारिंगी चोच आणि तिच्या बुडाशी काळा उंचवटा, म्हणजे खरोखरचे हंस. (एरवी बाणगंगेवरच्या पांढऱ्या कलहंसांनाही, म्हणजे इंग्रजीतल्या 'गूज'लाही, लोक हंसच म्हणतात.) मादी उठली तेव्हा तळव्यावर सुपारीएवढा टणक फोड दिसला. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा किलोचं धूड दिवसरात्र सिमेंटवर उभं राहिलं की दुसरं काय होणार! नराच्या एका पंखाचं टोक, नुसती पिसं नव्हे तर हाडासकट, छाटलेलं होतं. तो आता जन्मात उडणार नाही.

आमच्या कारंज्यात पोटरीभर पाणी. हंस मान बुडवून पाण्याखालच्या वनस्पती खातो, डोळे आणि नाकपुड्याही पाण्यातच स्वच्छ ठेवतो. वर्षातून एकदा उडायची सगळी पिसं एकदम झडतात आणि काही आठवडे धडधाकट हंसालाही उडता येत नाही. आमच्या गेटवर कुत्री किती, ते मोजायला नको. विणीच्या दिवसांत नर अंगावर धावून येतो, आणि मुलं तर तिथंच क्रिकेट खेळतात. पाव टाकणारे आजोबा वेगळेच. शिवाय सांभाळलेला हंस २० वर्षं सहज जगतो. आमच्या कमिटीची मुदत ५ वर्षं.

मला खटकलं ते वेगळंच. फोन करणाऱ्यानं यातलं काहीच विचारलं नव्हतं. टेम्पो कधी पाठवू, एवढंच विचारलं. भाड्यानं खोली द्यायची तरी आपण पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देतो.

म्हणून मागणी एकच: सोडवलेला पक्षी कुणाच्या हाती देण्याआधी सरकारी पशुवैद्यानं जागा बघावी. पाणी किती आणि कसलं, आसपास मऊ जमीन आहे का, रात्री कुत्र्यांपासून आडोसा काय, घेणारा उद्या घर बदलून गेला तर पुढं कोण, हे एका कागदावर लिहून सही घ्यावी. जोडी फोडू नये. बर्ड फ्लूची तपासणी होईपर्यंत पक्षी वेगळा ठेवावा. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईत कावळे मेले होते, ते विसरून चालणार नाही.

आम्ही नाही म्हटलं. काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. ती जोडी पुढं कुणाकडे गेली, हे मी दोनदा विचारलं. उत्तर आलं नाही. आपल्या खात्यात कुठं नोंद असेल, तर कळवावे.

आपला,
एक सेक्रेटरी, मुलुंड