किराणा दुकानाची वही मोबाईलवर यायला पाहिजे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तालुक्याच्या ठिकाणी आता एसीवाले सुपरमार्केट येऊ लागले आणि खेड्यातले लोक महिन्याचा किराणा तिथूनच ऑटोत टाकून आणतात. गावातले दुकानदार म्हणतात ते स्वस्त देतात म्हणून गिऱ्हाईक तुटलं. मले हे अर्धंच खरं वाटते.

तिथं बिल निघते तेव्हा नुसते पैसे मोजल्या जात नाहीत, कोणता माल किती गेला, किती उरला, कोणतं घर काय नेते हे सारं कॉम्प्युटरात बसते आणि पुढची ऑर्डर त्याच्यावरच ठरते. इंग्लंडच्या टेस्को या सुपरमार्केट कंपनीनं 1995 साली क्लबकार्ड, म्हणजे खरेदीवर पॉइंट देणारं कार्ड काढलं, लोकांले पॉइंट दिसले, पण कंपनीले दिसलं कोण काय खाते ते, मग ज्याले जे लागते त्याचंच कूपन त्याच्या घरी जाऊ लागलं आणि त्याच वर्षी टेस्को तिथं किराण्यात एक नंबरवर गेली. अमेरिकेत वॉलमार्टनं 2004 मध्ये जुनी बिलं तपासली तर वादळाच्या आधी लोक टॉर्चसोबत पॉप-टार्ट नावाचा गोड खाऊ नेहमीच्या सातपट नेतात असं निघालं, मग पुढच्या वादळाआधी तोच ट्रकनं पाठवला.

आपल्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी चणाडाळ अन् गूळ संपलेला असते आणि दोरीवर तारीख गेलेले वेफर्स लटकलेले असतात. पोळा काही अचानक येत नाही ना!

खरं म्हणजे आपल्या दुकानदाराजवळ माहिती जास्तच आहे. लाल वहीत कोणाची किती बाकी, कोण कापूस विकल्यावर देईन, कोणाकडं लग्न आहे म्हणून तेलाचे डबे जास्त लागतीन, सारं असते. पेरणीत हात रिकामा असताना तेल-मीठ-तिखट उधार देणारा तोच आहे, सुपरमार्केट देत नाही, आणि माणूस वर्षानुवर्षं एकाच दुकानात जाते तो याच्यासाठीच. पण ते सारं वहीत नाहीतर मालकाच्या डोक्यात, पोरगा गल्ल्यावर बसला की त्याले कोणाले किती उधार द्यायचं तेच समजत नाही.

ही वही मोबाईलच्या ॲपवर आणणं खेड्यात जमणार नाही असं म्हणणाऱ्यानं कृषी केंद्रात जाऊन पाहावं. सबसिडीचं खत 2018 पासून मशीनवर आधार नंबर टाकून, अंगठा लावून भेटते आणि कोणत्या दुकानात किती युरिया शिल्लक आहे ते पार दिल्लीत दिसते. खेड्यातलाच दुकानदार खताचं मशीन चालवते, तर किराण्याचा हिशोब काऊन नाही जमणार? तालुक्याच्या व्यापारी संघटनेनं कॉमर्स कॉलेजची पोरं हाताशी धरून हे शिकवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे, आधी फक्त उधारी आणि रोज खपणारा माल, बाकी मागून.

एक गोष्ट मात्र सांभाळा. मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिल करत नाही ही सक्ती नको, ग्राहक व्यवहार मंत्रालयानंही 2023 मध्ये दुकानदारांले हेच सांगितलं आहे. उधारी तर त्याहून नाजूक, कोणाकडं किती थकले हे चारचौघात समजलं तर तो माणूस पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. ॲपवाली कंपनी ही माहिती कुठं ठेवते, कोणाले देते, हे संघटनेनं आधी लेखी मागून घ्यावं आणि मगच दुकानदारांले ॲप सुचवावा.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ