नानांचा काळा फोन

गिरगाव, मुंबई

प्रिय बाळ्या,

दिवाळीतलं तुझं पत्र ड्रॉवरमध्ये पडून आहे. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येती ठीक. माझी शुगर आणि हिचे गुडघे जागच्या जागी.

लिहायचं कारण नानांचा फोन. नव्या टॉवरमध्ये तांब्याची तार वर येतच नाही. भिंतीवर फायबरचा डबा, त्यात फोनची वायर खुपसायची. नंबर जुनाच मिळाला, म्हणून नानांनी तो काळा फोनच लावायला लावला. घंटी वाजते, जरा दमल्यासारखी, पण वाजते. आलेला फोन घेता येतो. मात्र नानांनी फिरवलेला नंबर लागत नाही! डब्याला बटणांचे सूर कळतात, तबकडीचे झटके कळत नाहीत.

झटके म्हणजे काय, हे घरात कुणाला समजावू? तबकडी परतताना सर्किट तुटतं, पाचाला पाचदा, शून्याला दहादा, सेकंदाला साधारण १० च्या वेगानं. जोशीकाकांनी डायलला कुलूप घातलं तेव्हा आपण रिसीव्हरखालचा हुक बडवून तेच हातानं करायचो. (शोध तुझा म्हणे. आधी मी लावला होता.) शून्यं आली की तुझं मोजणं घसरायचं. एकदा फोन मर्तिकाच्या सामानवाल्याकडे लागला आणि त्यानं शांतपणे विचारलं, "काढणार किती वाजता?"

ऑटोमॅटिक एक्स्चेंज काढणारा स्ट्रोजरसुद्धा अमेरिकेत अंत्यविधीच्याच धंद्यात होता, माहीत आहे? ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते असा संशय आला म्हणे, तर गड्यानं बाईच नको असं यंत्र केलं. १८९१ चं पेटंट. आता तू मेउच्चीचं तुणतुणं काढशील, की फोन बेलच्या आधी त्या इटालियनानं केला. त्यानं १८७१ मध्ये नुसती नोंद केली आणि १८७४ नंतर तिचे पैसे भरले नाहीत. पैसे न भरल्यावर काय कापतात, हे मुंबईकराला सांगायला नको. बेल आणि त्याचा प्रतिस्पर्धी ग्रे यांचे फोनचे कागद १४ फेब्रुवारी १८७६ ला एकाच दिवशी पेटंट कचेरीत पोचले, तिथे संशय घे, माझी हरकत नाही. बेलचं पेटंट ७ मार्चचं, आणि त्याच्या मदतनीस वॉटसनला तारेवरून हाक गेली १० मार्चला. म्हणजे कागद आधी, आवाज नंतर. हे मात्र मलाही खटकतं.

तर नाना. रोज सकाळी आत्याला फोन करायचा नेम. आता तबकडी फिरवतात, कानाला लावून बसतात. आत डायल टोन चालूच असतो, तो त्यांना ऐकू येत नसावा. परवा म्हणाले, "उचलत नाही. रागावलीय." घराच्या कागदांवरून झालेलं तुला माहीतच आहे. बटणांचा फोन आणून दिला, तर हातात तोलून म्हणाले, याला वजनच नाही. आवाज दबला की रिसीव्हर टेबलावर आपटायची सवय. आतले कार्बनचे दाणे मोकळे व्हायचे, म्हणून जुन्या फोनवर ते चालायचंही. नवा दोन दिवसांत फुटेल. मोबाइलचं तर नावच नको. वर विचारतात, "वीज गेली तर हा डबा चालतो का?" नाही चालत. चाळीत तारेवर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट यायचे, अंधारातही फोन जिवंत. काय उत्तर देऊ?

झटक्यांचे सूर करणारा छोटा जोड मिळतो म्हणतात. तुझा भाचा लॅमिंग्टन रोडवर बसतो ना अजून? त्याला विचार. त्यानं घरी येऊन बसवावा. नानांसमोर मी पेचकस घेतला तर ते मला हात लावू देणार नाहीत.

मीनूचं लग्न ठरल्याचं कळलं, छान झालं. तारीख कळव. गच्चीची गळती थांबली का?

भाच्याचं काय ते फोनवरच सांग, सकाळी नऊच्या आत. नाना उचलतील, मोठ्यानं बोल. आत्याला म्हटलं, तोवर तूच लाव फोन. तर म्हणते, "पहिला त्यानं करायचा."

तुझा,
सुध्या