भोरच्या बाजारातला ज्वारीचा भावही नोंदवा

मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने १ ऑगस्ट २०२४ पासून रोज भाव नोंदवायच्या जिनसा २२ वरून ३८ केल्या. त्यात ज्वारी, बाजरी, नाचणी आली. भाकरी खाणाऱ्या मुलखाच्या मानाने फार उशीर झाला, पण असो. यादी आता ठीक आहे. भाव मात्र बहुतेक शहरांतूनच घेतले जातात.

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला भुसाराचा, म्हणजे धान्य-डाळींचा, घाऊक दर घरबसल्या कळतो. राज्याचं कृषी पणन मंडळ आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर रोज देतं, क्विंटलचा. पुढे त्याच मालाचं काय होतं बघा. सोलापूर-बार्शीकडची मालदांडी ज्वारी गुलटेकडीला उतरते, तिथून पुणे जिल्ह्यातल्याच भोरचा दुकानदार कट्टे भरून नेतो. हमाली आणि टेम्पोभाडं पुन्हा चढतं. घेणारा मजूर. आठवड्याची मजुरी हातात आली की दोन किलो ज्वारी, पावशेर तूरडाळ. सुट्या मालाचा दर चढाच असतो. आठवडे बाजारात ताडपत्रीवर दोन ढीग, एक मालदांडीचा, एक हायब्रीडचा. भावाचा पुठ्ठा खोचलेला एकाच ढिगात. तो भाव रोजच्या कुठल्याच तक्त्यात चढत नाही.

महागाई निर्देशांकासाठी खेड्यांतूनही भाव घेतात, हे खरं. पण तो महिन्याने येतो, तोही निर्देशांक होऊन. या आठवड्यात भोरला डाळ काय भावाने गेली, हे त्यावरून तहसीलदारांना कळणार नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्राने ६० रुपये किलोने ‘भारत डाळ’ आणली. अशा स्वस्त डाळीची गाडी कुठे पाठवायची हे ठरवताना भोरचा आकडा समोर हवा ना?

तालुक्याला पुरवठा निरीक्षक आहेतच. भोर, जुन्नर, घोडेगाव, मंचर इथे बाजाराच्या दिवशी त्यांना पाठवा. मालाची प्रत लिहून किलोचा आणि पावशेराचा भाव वेगवेगळा नोंदवू द्या. प्रत्यक्ष जाऊन, कारण फोनवर सगळ्यांचेच भाव रास्त असतात. तो तक्ता त्याच दिवशी तहसील कचेरीच्या फलकावर आणि पणन मंडळाच्या संकेतस्थळावर घाऊक दराशेजारी लागावा. मंडळाचं मुख्यालय गुलटेकडीलाच आहे. भोर तिथून पन्नासेक किलोमीटर. सुरुवात भोरपासूनच करावी, ही विनंती.

आपला,
पुण्यातील एक ग्राहक