नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. दिवाळीनंतरच्या त्या सकाळी तुम्ही दाराच्या आत फरशी पुसत होता आणि बाहेर मी मायला घेऊन उभा होतो.

माय 72 वर्षांची. आर्वीकडचं आमचं गाव सोडून एकटी कधी वर्ध्यालाही गेलेली नाही. नातीच्या बाळंतपणाला पुण्याला निघाली होती आणि मला कापसाची वेचणी सोडून जाता येईना. तिकीट काढून देणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं, "आजीला आत न्यायला माणूस येईल." कुणी आलं नाही. त्याने फोनही उचलला नाही. पैसे घेताना हाच मायच्या पाया पडला होता, हे मी विसरणार नाही.

एसटीवर माणूस पोचवणं सोपं. गाडी हलेपर्यंत खिडकीतून हात धरता येतो. विमानतळावर दारातच हात सोडावा लागतो. तिकीट ज्याचं, तोच आत. माय आत गेली आणि चार पावलांवर थिजली, पिशवी छातीशी धरून. चांगले कपडेवाले लोक बाजूने बॅगा ओढत जात होते.

तुम्ही पोछा भिंतीला टेकवला. हात ओले होते तुमचे. ते ओढणीला आधी तळव्याकडून, मग मागून नीट पुसले आणि मगच मायचा हात धरला. मी काचेतून बघत होतो, ताई. माझ्या मायला ओला हात लागू नये एवढा विचार तुम्ही केलात! मग तिला काचेपाशी आणून मी कुठे उभा आहे ते दाखवलंत.

माझे बाबा पोस्टमन. ते मायला सांगायचे, 1949 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपाल विमानं रात्री नागपुरात जमायची, थैल्या बदलून परत जायची. बाबांनी हे विमानतळ कधी पाहिलं नाही. मायने ते सगळं तुम्हाला सांगितलं म्हणे, आणि तुम्ही काम थांबवून ऐकलंत.

पुण्याहून तिचा फोन आला, "त्या पोरीनं हात धरला नं, मंग मले भेव नाई वाटलं." तुमच्यासारखी माणसं तिथे असतात, म्हणून आमची म्हातारी माणसं आम्ही एवढ्या लांब पाठवू शकतो.

पणती झाली, ताई. मायला घ्यायला येईन तेव्हा तुमच्यासाठी घरची संत्री आणतो. सकाळचीच पाळी असते ना तुमची?