एकच सिनेमा, दोनशे वेळा: दळणवळण मंत्र्यांना एका केबलवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

विषय: रात्रीचे नऊ ते साडेअकरा

महोदय,
सविनय नमस्कार.

मी विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरात केबल आणि इंटरनेट देतो. साडेआठशे कनेक्शन, कामाला तीन पोरं, फायबर जोडायचं एक स्प्लायसिंग मशीन आणि तळमजल्यावर दहा बाय बाराची खोली, एवढा माझा पसारा. लोकांना माझं नाव ठाऊक नसतं, नंबर मात्र पाठ असतो. रात्री पावणेदहाला तो वाजू लागतो. "दादा, गोल फिरतंय." पुढे काही बोलत नाहीत, कारण पुढचं मला कळतं असं धरून चालतात. मला ते कळतंच. आपल्यालाही कळावं म्हणून हे पत्र.

वेग वाढलाय, हे कबूल. दहा वर्षांपूर्वी मी दोन एमबीपीएस विकायचो, आज शंभर विकतो. तरी पावणेदहाचा फोन काही थांबला नाही.

१५ नोव्हेंबर २०२३ ची रात्र घ्या. वानखेडेवर भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना चालू, आणि मी एका इमारतीच्या गच्चीवर बॉक्स उघडून बसलेलो. शमी विकेटी काढत होता. प्रत्येक विकेटला आधी डिश असलेल्या घरांतून आरडाओरडा व्हायचा, मग माझ्या वायरवर अॅप लावलेल्या घरांतून, आणि सगळ्यात शेवटी जिन्यात मोबाइल धरून बसलेल्या पोरांचा. एका विकेटला इमारत तीनदा ओरडायची. शमीने सात काढल्या, म्हणजे एकवीस वेळा. स्टेडियम इथून विसेक किलोमीटरवर आहे. चार दिवसांनी अहमदाबादला अंतिम सामना झाला, तेव्हा एका अॅपवर एका क्षणी ५.९ कोटी लोक होते. त्या रात्री मी फोन बाजूला ठेवून दिला होता, हेही सांगून टाकतो.

मी या धंद्यात आलो तेव्हा गच्चीवर छत्री, खाली हेडएंड (सगळी चॅनेलं एकत्र करून वायरीत सोडणारी यंत्रं) आणि इमारतीइमारतीवरून ओढलेली काळी वायर असायची. मॅच बघणारी घरं पन्नास असोत की पाचशे, चित्र वायरीतून एकदाच जायचं. ज्याला हवं त्याने टॅपऑफवरून, म्हणजे वायरीला काढलेल्या फाट्यावरून, उचलायचं. वायर लांब गेली की चित्रात मुंग्या यायच्या, मग अॅम्प्लिफायर लावायचा. पण बघणारे वाढले म्हणून वायर भरली, असं कधी झालं नाही.

आता भरते, कारण इंटरनेटवर प्रत्येक घराला वेगळी प्रत जाते. एचडी चित्राला सेकंदाला साधारण पाच मेगाबिट लागतात. दोन तासांचा सिनेमा म्हणजे साडेचार जीबी. शुक्रवारी नवा सिनेमा अॅपवर आला आणि माझ्या दोनशे घरांनी जेवणं आटपून तो लावला, की एक अख्खा गिगाबिट तो एकटा सिनेमा खातो. साडेचार जीबीचा माल, पण माझ्या अपलिंकवरून, म्हणजे बाहेरून मी विकत घेतो त्या लाइनवरून, नऊशे जीबी येतात.

आणखी एक गंमत सांगतो. मी जो फायबर टाकतो त्या पद्धतीला जीपॉन म्हणतात. खोलीतल्या ओएलटी नावाच्या यंत्राच्या एका पोर्टमधून एक फायबर निघतो आणि स्प्लिटरवर तो बत्तीस किंवा चौसष्ट घरांत फुटतो. वरून येणारा अडीच गिगाबिटचा प्रकाश या सगळ्या घरांत सारखाच पोचतो. प्रत्येक घरातला डबा आपल्या नावाचं तेवढं ठेवतो, बाकीचं टाकून देतो. म्हणजे पहिल्या मजल्यावरचा सिनेमा तिसऱ्या मजल्यावरच्या डब्यापर्यंत रोज जातो, कुलूपबंद, आणि तिथेच फेकला जातो. तिसऱ्या मजल्याला तोच सिनेमा हवा असेल तर त्याची प्रत पुन्हा मागवायची. ज्यांनी चाळीत एक पेपर चार घरांत फिरवून वाचलाय, त्यांना हे समजावताना माझी पंचाईत होते.

पाण्याच्या बाबतीत या शहराने हा घोळ घातला नाही. तानसा, वैतरणा, भातसा शंभरेक किलोमीटर लांब. पण म्हणून कोणी प्रत्येक नळापासून भातशापर्यंत पाइप टाकला नाही. पाणी टेकड्यांवरच्या जलाशयांत साठतं (मलबार हिलचा तर १८८७ सालचा), ठरलेल्या वेळी वॉर्डात सुटतं, आणि आम्ही ते गच्चीवरच्या टाकीत भरून ठेवतो. आमच्याकडे पहाटे येतं. दुपारी कोणी नळ सोडला तर भातशाला पत्ता लागत नाही. त्यातही एखादा मुख्य लाइनला चोरून मोटर लावतो आणि बाकीच्यांचा दाब जातो. तसले अॅपही आहेत, पण तो विषय वेगळा.

कॅश म्हणजे ही टाकी. खोलीत कॅश सर्व्हर बसवायचाय असं मी म्हटलं, तेव्हा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं होतं, "रोकड इथे कशाला ठेवता?" ती नव्हे. लोकांना वारंवार लागणारा माल त्यांच्या जवळ आणून ठेवायचा, एवढाच अर्थ. थेट सामना काही आदल्या रात्री भरून ठेवता येत नाही. पण तोसुद्धा काही सेकंदांच्या तुकड्यांनीच येतो. प्रत्येक तुकडा जवळच्या टाकीत एकदा पडला की तिथून दोनशे घरांना वाटता येतो.

युक्ती जुनीच आहे. एमआयटीतून निघालेली अकामाई ही कंपनी १९९८ पासून याच धंद्यावर उभी आहे. नेटफ्लिक्सने २०१२ साली आपले डबे, म्हणजे सिनेमे साठवणारे सर्व्हर, इंटरनेट कंपन्यांना फुकट देण्याची योजना जाहीर केली. उद्या काय बघितलं जाईल याचा अंदाज बांधून तो माल मोकळ्या वेळेत त्या डब्यांत भरतात. गूगलचेही असे डबे आहेत. फक्त ते मोठ्यांकडे जातात. ठरावीक ट्रॅफिकच्या खाली असलेल्याला डबा मिळत नाही, आणि त्यांचा हिशेब चुकीचा आहे असंही मी म्हणणार नाही. साडेआठशे घरांसाठी एवढं महागडं यंत्र कोण अडकवून ठेवील?

पूर्वी आम्ही आमची टाकी आम्हीच बांधायचो. जुन्या कॉम्प्युटरवर स्क्विड नावाचं फुकट सॉफ्टवेअर चढवायचं. एकाने उतरवलेलं अपडेट दुसऱ्यासाठी साठून राहायचं, महिन्याचं बिल निम्म्यावर नाही तरी बऱ्यापैकी खाली यायचं. मग एचटीटीपीएस सगळीकडे आलं. ग्राहकाची ये-जा कुलूपबंद झाली, आत काय आहे ते मला दिसेना. दिसू नये हेच बरं. कोण काय बघतं हे केबलवाल्याला कळण्यात कोणाचंच भलं नाही. पण त्या कुलपाबरोबर माझी टाकीही गेली. आता साठवायचं तर ज्याचा माल त्याच्याच डब्यात, त्याच्याच मर्जीने.

इथे आपलं काम येतं. निक्सी ही सरकारनेच २००३ साली उभी केलेली ना-नफा कंपनी आहे आणि इंटरनेट कंपन्या जिथे एकमेकींशी ट्रॅफिकची देवाणघेवाण करतात असा तिचा एक्स्चेंज मुंबईत आहे. तिथे आम्हा लहान ऑपरेटरांसाठी सामायिक कॅशची सोय करा. जागा, वीज, थंडावा निक्सीचा. डबे माल असणाऱ्यांचे. आणि ट्रॅफिक मोजायचा तो आम्हा सगळ्यांचा मिळून. असे शंभर ऑपरेटर एकत्र धरले तर आम्ही लहान उरत नाही. एक्स्चेंजपासून विक्रोळीपर्यंतची वाट तेव्हाही माझी मलाच सांभाळावी लागेल, रस्ता खोदणाऱ्यांपासून फायबर वाचवण्यासकट. त्याची तक्रार नाही. महाग पडतं ते त्याच्या पुढचं.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नोव्हेंबर २०२२ मध्ये डेटा सेंटर, सीडीएन (असे कॅशचे डबे जागोजागी ठेवून माल पोचवणारी जाळी) आणि एक्स्चेंज यांच्यावर शिफारशी केल्या. सीडीएन चालवणाऱ्यांची नोंदणी व्हावी, असं त्यात आहे. नोंदणी जरूर करा. फक्त त्या अर्जात एक रकाना वाढवा: लहान ऑपरेटरला डबा कोणत्या अटींवर देता? अटी सगळ्यांना वाचता आल्या पाहिजेत आणि सगळ्यांना सारख्या पाहिजेत. नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे सगळ्या मजकुराला सारखं वागवण्याच्या, २०१७ च्या शिफारशींत ट्रायने सीडीएनना बाहेर ठेवलं होतं. तेव्हा ते ठीक असेल. पण टाकी कोणाच्या गच्चीवर बसते यावरच आज कोणाचं चित्र फिरतं आणि कोणाचं नाही हे ठरतंय.

आता वेळेबद्दल. पहाटे चारला माझ्या ग्राफची रेघ तळाला लोळत असते. बँडविड्थचे पैसे मात्र मी चोवीस तासांचे मोजतो. परवा आठ नंबरच्या गल्लीतल्या एका मुलाने रात्री साडेनऊला गेम उतरवायला घेतला. ऐंशी जीबी. त्याला तो दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर खेळायचा होता. 'पहाटे उतरव' असं बटण समोर असतं तर त्याने ते दाबलं असतं, कारण रात्रभर लॅपटॉप चालूच होता. फोनच्या अपडेटांचं तेच, मालिकेच्या पुढच्या भागांचं तेच. जे उद्या लागणार आहे ते आज पावणेदहाच्या गर्दीत कशाला ढकलायचं?

लोकांना हे कळत नाही असं समजू नका. आमच्या शेजारची एक नर्स रात्री घरच्या वायफायवर दोन भाग उतरवून ठेवते आणि सकाळी विक्रोळीहून भायखळ्यापर्यंत लोकलमध्ये उभ्याने बघते. वाटेत टॉवर मिळो न मिळो, तिचं चित्र अडत नाही. मध्य रेल्वेनेही २०२१ साली काही लोकलच्या डब्यांत सर्व्हर बसवले होते, आधीच भरलेल्या सिनेमा-मालिकांचे. कल्पना तीच.

मोबाइल प्लॅनची रचना मात्र नेमकी उलटी आहे. रोजचा दीड जीबी रात्री बाराला बाद होतो. म्हणून साडेअकराला, सगळा परिसर आधीच बफर होत असताना, पोरं उरलेला डेटा 'संपवायला' रील्स लावून बसतात. बादली ओतून द्यायची, कारण उद्या नवी मिळणार आहे. मुंबईत एमटीएनएलच्या ट्रायबँड इंटरनेटच्या काळी 'नाइट अनलिमिटेड' प्लॅन असायचे. लोक घड्याळ लावून उठायचे. २०२१ पासून एका मोबाइल कंपनीने रात्री बारा ते सहा डेटा मोकळा सोडला. दिवसाचा उरलेला डेटा पहाटे सहापर्यंत वापरता यावा, एवढी मुभा सगळ्यांच्या प्लॅनमध्ये आली तरी पुष्कळ होईल. यात भेदभावही येत नाही. २०१६ चा ट्रायचा नियम कुठला मजकूर बघता यावरून वेगळा दर लावायला मनाई करतो. घड्याळ सगळ्यांना सारखंच आहे.

हे सगळं सरकारने सांगावं का, असं कोणी म्हणेल. मार्च २०२० आठवा. टाळेबंदी लागली, सगळे घरात, आणि मोबाइलवर एचडी थांबवून ४८० पीपर्यंतच चित्र द्यायचं असं मोठ्या अॅपवाल्यांनी आपसात बसून १४ एप्रिलपर्यंतसाठी ठरवलं. आभाळ कोसळलं नाही. माझ्याकडे तर त्या दिवसांत तक्रारी कमी आल्या. ते संकटातलं होतं, दर्जा उतरवून केलेलं होतं. मी दर्जा उतरवा म्हणत नाही. त्याच लोकांना एकदा पुन्हा एका टेबलाभोवती बसवा, या वेळी पहाटेच्या वेळेबद्दल आणि टाकीच्या जागेबद्दल. आणि त्या टेबलाशी एक खुर्ची आमच्यासाठी ठेवा. मोठ्या कंपन्यांचे वकील असतील. आम्ही ग्राफची प्रिंट घेऊन येऊ.

सोबत मागच्या शुक्रवारचा ग्राफ जोडला आहे. उजवीकडचा डोंगर म्हणजे नवा सिनेमा. डावीकडचा सपाट माळ म्हणजे पहाट.

भेटीची वेळ द्यायची झाली तर रात्री नऊ ते साडेअकरा सोडून कुठलीही चालेल.

आपला,
कन्नमवार नगरातला केबलवाला